आधी दिनक्रम, मग निर्णय: टिकणारी शिस्त लावून स्वभावाला मानवणारं काम कसं शोधायचं

एमपीएससी, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, 'अभ्यासात सातत्य राहत नाही.' दुसरी, जरा वेळाने आणि आवाज खाली आणून, 'हे माझ्यासाठी आहे की नाही तेच कळत नाही.' पहिलीवर सगळेच सल्ले देतात. दुसरीवर 'असा विचारच करू नकोस, लक्ष विचलित होईल' असं सांगून विषय मिटवला जातो. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच धाग्याचे आहेत आणि ते सोडवायचा क्रम ठरलेला आहे. जो मुलगा तीन दिवस तेरा-तेरा तास बसतो आणि पुढचे चार दिवस खोलीवर पडून राहतो, त्याला आलेला कंटाळा कामाचा आहे की थकव्याचा, हे त्यालाच काय, कुणालाही सांगता येणार नाही. आधी दिनक्रम माणसाला झेपेल असा करायचा. तो काही आठवडे चालला की मग काम आपल्याला मानवतंय का, याचा निकाल लावता येतो.

खालच्या पायऱ्या स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना समोर ठेवून लिहिल्या आहेत. पहिल्या नोकरीत घुसमटणाऱ्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

पायरी १: पंधरा दिवस काहीही बदलू नका, फक्त नोंद ठेवा

नवं वेळापत्रक लगेच करू नका. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक बैठकीनंतर एक-दोन ओळी लिहा: किती ते किती, नेमकं काय केलं, आणि करताना व केल्यावर कसं वाटलं. किती तास झाले यापेक्षा शेवटचा भाग महत्त्वाचा. एका दिवसाचं पान साधारण असं दिसतं:

८.४० ते १०.०५: राज्यघटना, राज्यपालांचे अधिकार. स्वतः प्रश्न काढले. वेळ कसा गेला कळलं नाही.
११.३० ते १२.४५: चालू घडामोडी. चार वेळा मोबाइल. मध्येच उठून चहा.
४.०० ते ५.१५: रूममेटला टक्केवारीची गणितं समजावली. डोकं हलकं झालं.
९.३० ते ११.००: निबंध. दोन ओळींच्या पुढे गेलाच नाही.

या पानातली तिसरी नोंद बहुतेक जण लिहीतच नाहीत, कारण ती 'अभ्यास' नाही आणि तास मोजताना ती वाया गेलेली वाटते. पण स्वभाव कळायला हीच ओळ सगळ्यात कामाची आहे. दुपारी चार वाजता, सगळ्यांचं डोकं जड झालेलं असताना, दुसऱ्याला समजावून सांगितल्यावर या मुलाला तरतरी आली. चौथी नोंदही तशीच बोलकी आहे, पण ती वाचताना घाई नको. निबंध लिहिला गेला नाही तो लिहिणं जमत नाही म्हणून, की रात्री साडेनऊला घेतला म्हणून? हे पंधरा दिवसांनंतर तो सकाळी घेऊन बघितल्यावर कळेल. म्हणून पंधरा दिवस निष्कर्ष काढायचे नाहीत.

तहसीलदारासारख्या पदांसाठी असलेल्या राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचं स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झालं आहे. लेखी परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांची. पर्याय निवडण्याची सवय असलेल्या अनेकांना आता रोज हाताने लिहावं लागतं. त्यामुळे लिहिण्याच्या नोंदी वेगळ्या रंगाच्या पेनाने करा. त्या परीक्षेसाठी उपयोगी पडतीलच, आणि नंतर कामाचा प्रकार निवडतानाही पडतील.

पायरी २: गाभ्याचे तास ठरवा

आता वही उघडा आणि ज्या बैठकांमध्ये डोकं खरोखर हजर होतं त्यांची बेरीज करा. हे तुमचे गाभ्याचे तास. दिवसाला तीन-चार तासांच्या आसपास आकडा येईल. तो बघून घाबरू नका. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वोत्तम गटातले विद्यार्थीही एकट्याने करायचा कसून सराव रोज सरासरी साडेतीन तासच करत होते. तो छोट्या-छोट्या सत्रांत विभागलेला होता, आणि दुपारची झोप ते आवर्जून घेत. अभ्यासिकेत 'मी चौदा तास बसतो' हे ज्या अभिमानाने सांगितलं जातं, त्यातले बरेचसे तास खुर्चीचे असतात.

दिवसाला चार तास गाभ्याचे धरा. ७५ ते ९० मिनिटांच्या तीन बैठका, मध्ये खरा विसावा, म्हणजे मोबाइल सोडून दुसरं काहीही. उरलेल्या वेळात हलकी कामं: जुन्या प्रश्नपत्रिका, वर्तमानपत्र, नकाशे, उजळणी. नोकरी सांभाळून करत असाल तर सकाळची एकच ९० मिनिटांची बैठक गाभ्याची माना आणि ती कुणालाही देऊ नका.

गाभ्याची बैठक कधी सुरू होणार हे घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधलं तर जास्त पक्कं बसतं. 'मेसमधला नाश्ता झाला की थेट जागेवर जायचं आणि काल चुकलेल्या प्रश्नांपासून सुरुवात करायची.' काय उघडायचं हे आदल्या रात्रीच चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा. सकाळी जागेवर बसून 'आज काय करू' हे ठरवण्यात बहुतेकांची पहिली वीस मिनिटं जातात, आणि त्या वीस मिनिटांतच मोबाइल हातात येतो.

दुसरी गोष्ट, खराब दिवसाचा किमान वाटा. ताप आहे, घरून वाईट फोन आला, निकाल लागला आणि नाव नाही, अशा दिवशी काय करायचं हे आधीच ठरलेलं असू द्या: २५ मिनिटं, दहा प्रश्न, बस. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात ते पाहिलं आणि २०१० साली मांडलं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवस इतका मोठा होता. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. म्हणून '२१ दिवसांत सवय' या हिशेबाने स्वतःला नापास करू नका. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढण्याचा हट्ट सोडा. त्या भरपाईतूनच पुढचे चार दिवस जातात.

वारी पायी केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा प्रत्येक मुक्काम आणि प्रत्येक विसावा आधी ठरलेला असतो. पुण्याहून सासवडचा टप्पा मोठा, त्यात दिवे घाटाची चढण, म्हणून पुण्यात दोन मुक्काम आणि सासवडलाही दोन मुक्काम. अंगात जोर आहे म्हणून कुणी पालखी एका दिवसात जेजुरीला पोचवत नाही. तुमच्या वेळापत्रकातही जड टप्प्याच्या आधी आणि नंतर मुक्काम लिहिलेले हवेत: पूर्वपरीक्षेनंतर चार दिवस, सराव चाचण्यांच्या आठवड्यानंतर एक पूर्ण रविवार. त्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही.

पायरी ३: शरीराचा हिशेब

यावर फार लिहीत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं. झोप सात-आठ तास. वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं, त्यामुळे झोप कापून केलेल्या वाचनाचा मोठा भाग वाया जातो. रोज अर्धा-पाऊण तास चालणं. पुण्यात असाल तर पर्वती चढा, नाहीतर नदीकाठी फिरा. मेसच्या डब्यात प्रथिनं कमी असतात, म्हणून अंडी, शेंगदाणे, फुटाणे, दही यांपैकी काहीतरी रोज वेगळं घ्या. पोट बिघडलं तर शिस्तही बिघडते.

एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ताणातून येणाऱ्या बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती पार निघून जाणं, कामाबद्दल मन दुरावणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. ही व्याख्या नोकरीसाठी केलेली असली तरी वर्षानुवर्षं तयारी करणाऱ्यांमध्येही हेच दिसतं. सुट्टी घेऊनही हे दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटू लागलं, तर हा लेख बाजूला ठेवा. घरच्या कुणाशी तरी बोला आणि डॉक्टरांना भेटा. टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पायरी ४: वहीतून स्वभाव वाचा

दिनक्रम सहा-आठ आठवडे बऱ्यापैकी चालला की वही पुन्हा पहिल्यापासून वाचा. 'माझा स्वभाव कसा आहे' असा मोठा प्रश्न विचारला की माणूस स्वतःबद्दल ऐकलेलं बोलतो. त्याऐवजी नोंदींना छोटे प्रश्न विचारा.

माणसांत वेळ घालवल्यावर तुम्ही ताजेतवाने होता की रिकामे? एकच विषय तीन तास आवडतो की दर अर्ध्या तासाला बदल हवासा वाटतो? कामाचं फळ त्याच दिवशी दिसलं नाही तर हुरूप टिकतो का? कुणी आवाज चढवून बोललं तर त्या दिवसाचं उरलेलं काम होतं का? वरून चौकट आखून दिली की बरं वाटतं की गुदमरल्यासारखं होतं? महिन्याचं उत्पन्न कमी-जास्त झालं तर झोप लागते का? प्रत्येक उत्तरापुढे वहीतली तारीख लिहा. तारीख सापडत नसेल तर ते उत्तर अजून कच्चं आहे.

चाचण्याही करता येतात. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची कामाच्या आवडींची सहा प्रकारांत केलेली मांडणी, म्हणजे हातांनी करायचं, शोधायचं, सर्जनशील, लोकांना मदतीचं, पुढाकार घेऊन पटवण्याचं आणि नोंदी-हिशेबाचं काम, ही साधी आणि उपयोगी आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांमध्ये प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांकडून अभिक्षमता चाचणी करून घेता येते. इंटरनेटवर दहा मिनिटांत चार अक्षरी 'प्रकार' सांगणाऱ्या चाचण्यांवर आयुष्याचे निर्णय घेऊ नका. त्याच माणसाने महिन्याभराने ती दिली की अनेकदा अक्षरं बदलतात.

पायरी ५: पदाचं नाव सोडा, त्या पदाचा मंगळवार बघा

माझा सगळा भर या पायरीवर आहे. आपल्याकडे पदाचा मान पाहून पसंतीक्रम, म्हणजे कोणतं पद आधी हवं याची यादी, भरला जातो. कोणतं पद वरचं, कोणतं खालचं, हे अभ्यासिकेतल्या प्रत्येकाला पाठ असतं. त्या पदावरच्या माणसाचा मंगळवार कसा जातो हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि माणूस जगतो तो मंगळवारीच. सत्काराचा दिवस एकदाच येतो.

एमपीएससीची गट-ब ची परीक्षा घ्या. संयुक्त पूर्वपरीक्षेतून पुढे सहायक कक्ष अधिकारी, राज्यकर निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक, दुय्यम निबंधक अशी पदं आहेत. दोन-चार गुणांच्या फरकाने एखादा इकडे किंवा तिकडे जातो, पण ही आयुष्यं वेगवेगळी आहेत.

सहायक कक्ष अधिकारी मंत्रालयात बसतो. फाईल वाचायची, नियम आणि जुने शासन निर्णय शोधायचे, टिप्पणी लिहायची, मसुदा वर पाठवायचा, तो दुरुस्त होऊन आला की पुन्हा लिहायचा. अधिवेशनाच्या काळात विधिमंडळातल्या प्रश्नांची उत्तरं वेळेत तयार करण्याची धावपळ असते. रोजचा लोकल प्रवास वेगळाच. ज्याला एका मुद्द्याच्या मुळाशी जाऊन नेमकं लिहायला आवडतं, त्याला हे काम वर्षानुवर्षं पुरतं. ज्याला दिवसातून चाळीस माणसं भेटली नाहीत तर चैन पडत नाही, तो इथे कोमेजतो.

पोलीस उपनिरीक्षकाचं उलट आहे. शारीरिक चाचणी, नाशिकच्या अकादमीतलं प्रशिक्षण, मग पोलीस ठाणं. जबाब, पंचनामे, बंदोबस्त, कोर्टाच्या तारखा, आणि गणपती-दिवाळीला घरी जाता येईल याची खात्री नाही. संघर्षासमोर ज्याचा आवाज शांत राहतो, त्याचं हे काम. वरच्या प्रश्नांत 'कुणी आवाज चढवला की माझा दिवस जातो' असं उत्तर असेल, तर वर्दीचं आकर्षण कितीही असो, थांबून विचार करा.

राज्यकर निरीक्षकाला विवरणपत्रं, आकडे, नोटिसा आणि व्यापाऱ्यांशी बोलणं यांत दिवस काढायचा असतो. आकड्यांतली विसंगती दिसल्यावर ज्याचे डोळे चमकतात त्याच्यासाठी हे चांगलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदणीसाठी सकाळपासून माणसं थांबलेली असतात. तीच प्रक्रिया, तीच कागदपत्रं, दिवसभर, आणि प्रत्येक दस्तात चूक महागात पडणारी. संयम आणि बारकावा हवा.

राज्यसेवेतही तसंच. तहसीलदार म्हटलं की गाडी आठवते. पण त्याच खुर्चीत जमिनीच्या वादांची सुनावणी, अतिवृष्टीनंतरचे पंचनामे, अवैध वाळू उपशावर रात्रीची कारवाई, निराधार योजनेचे अर्ज आणि निवडणुका हे सगळं एकत्र येतं. दिवस आपल्या हातात राहत नाही. ज्यांना दिवस आखून जगायला आवडतं त्यांनी हे आधी समजून घ्यावं.

हे सगळं वाचून पुरत नाही, बघावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी महसूल सुनावण्या कुठल्या वारी असतात ते विचारा आणि परवानगी घेऊन मागे बसा. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन तास नुसते थांबा. गटविकास अधिकारी व्हायचं मनात असेल तर १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसा आणि वाद सुरू झाल्यावर आपल्याला उठून जावंसं वाटतं की पुढे सरकावंसं, ते नोंदवा. ओळखीतले अधिकारी भेटले तर 'सर, जॉब कसा आहे' असं विचारू नका, 'चांगला आहे, अभ्यास करा' एवढंच उत्तर मिळेल. असं विचारा: 'सर, काल सकाळी दहापासून काय काय केलंत ते क्रमाने सांगाल का?' आणि मग, 'यातलं कुठलं काम पुढे ढकलावंसं वाटतं?' माणूस मोकळा होतो आणि खरं सांगतो.

परीक्षेबाहेरच्या वाटांनाही हाच नियम लावा. बँकेची शाखा, शाळा, औषध कंपनीची प्रयोगशाळा, स्वतःचं दुकान, अनुवाद, वकिली. न्यायालयातल्या बहुतेक सुनावण्या खुल्या असतात, कुणीही बसून पाहू शकतो. समजावून सांगितल्यावर तरतरी येणाऱ्या त्या मुलाने एखाद्या अभ्यासवर्गात आठवड्याला दोन तास शिकवून बघायला काय हरकत आहे?

पायरी ६: छोटी चाचणी घ्या, आणि नवखेपण ओळखा

काम पाहून आवडलं तर ते सहा-आठ आठवडे प्रत्यक्ष करून बघा. पदवीधर आणि पदविकाधारकांसाठी केंद्राची शिकाऊ उमेदवारी योजना आहे, आयटीआय झालेल्यांसाठीही आहे. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, त्यात बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरवलं गेलं. अशा योजनांच्या अटी बदलत राहतात, म्हणून जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन चालू स्थिती विचारा.

या काळात एक गल्लत हमखास होते. नवीन काम पहिले तीन-चार आठवडे सगळ्यांनाच जड जातं. ते जड जाणं म्हणजे न जुळणं असं मानू नका. नवखेपणाचा त्रास आठवड्यागणिक कमी होतो: तेच काम कमी वेळात होतं, चुका कमी होतात, संध्याकाळी थोडं समाधान वाटतं. न जुळण्याचा त्रास हात बसल्यावरही जात नाही. काम जमायला लागलेलं असतं, कौतुकही होतं, तरी रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. आणखी एक तपासून बघा. त्रास कामाचा आहे, माणसांचा आहे की जागेचा? साहेब वाईट असेल तर साहेब बदलून मिळतो. दोन तासांचा प्रवास असेल तर खोली बदलता येते. दिवसभराच्या कामाची जातच नकोशी असेल तरच वाट बदलायची.

पायरी ७: मुदत लिहा आणि घरी सांगा

एमपीएससीच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे; पोलीस उपनिरीक्षकासाठी ती कमी आहे. ही मर्यादा परीक्षा देण्याची आहे, पूर्ण वेळ तयारी करण्याची नाही, हे घरातल्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. स्वतःची मुदत स्वतः ठरवा: किती पूर्ण वेळ प्रयत्न, किती पैसे, आणि कोणत्या टप्प्यावर काय झालं तर थांबायचं. उदाहरणार्थ, 'दोन पूर्ण प्रयत्न. दुसऱ्यात पूर्वपरीक्षाही निघाली नाही तर नोकरी धरायची आणि परीक्षा नोकरी सांभाळून द्यायची.' हे निकालाच्या आधी, शांत डोक्याने लिहा. कट-ऑफ एका गुणाने हुकल्याच्या संध्याकाळी असे निर्णय घेता येत नाहीत.

घरी सांगणं सगळ्यात अवघड, विशेषतः गावाकडे शेतीच्या पैशावर पुण्यात राहिलेल्यांना. फोनवर सांगू नका, गावी जा. आधी आईला सांगून ठेवा. वडिलांपुढे 'मला जमत नाही' एवढंच म्हटलं तर ते 'अजून एक वर्ष कर' म्हणणारच, त्यांच्या मायेचं ते बोलणं असतं. त्याऐवजी वही पुढे ठेवा: 'आबा, दोन वर्षांत मी काय काय केलं ते यात आहे. मला हे काम जमतंय, हे नाही. पुढच्या सहा महिन्यांत असं करायचं ठरवलंय, महिन्याला एवढे पैसे सुटतील.' लिहिलेला हिशेब पाहिला की बोलणं नशिबावरून कामावर येतं. शेजारच्यांना काय सांगायचं तेही घरच्यांना सोपं करून द्या, कारण तो प्रश्न तुमच्यापेक्षा त्यांना जास्त वेळा विचारला जातो.

लगेच काम बदलणं शक्य नसेल, कर्ज असेल, धाकट्या बहिणीचं शिक्षण असेल, तर आहे त्या नोकरीतच वहीतल्या ताज्या तासांना जागा करा. समजावून सांगणं जमतं तर नव्या माणसांना शिकवायचं काम मागून घ्या. एकट्याने लिहिणं आवडतं तर अहवाल आपल्याकडे घ्या. दिवसातला एक तास जरी स्वभावाप्रमाणे गेला तरी उरलेले तास ओढणं बरंच हलकं होतं.

वही बंद करू नका. रोजच्या नोंदींची गरज पुढे राहणार नाही, आठवड्याला एक पान पुरेल. दर तीन महिन्यांनी ती पानं घेऊन तासभर बसा आणि पायरी चारमधले प्रश्न पुन्हा विचारा. पंचविशीतली काही उत्तरं तिशीत बदललेली दिसतील, आणि त्याप्रमाणे पुढचा पसंतीक्रम भरा.